‘द्या’मधला आदर इंग्रजीत कुठे ठेवायचा?

प्रश्न असा आला आहे: ‘मी मूळची मिरजेची. नर्सिंग करून सहा वर्षं सांगलीत काम केलं आणि आता तीन महिन्यांपासून इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात, वयस्कर पेशंटच्या वॉर्डात आहे. मागच्या आठवड्यात एका पेशंटच्या मुलीनं वॉर्ड मॅनेजरला सांगितलं की ही नर्स माझ्या आईवर हुकूम सोडते. मला रडूच फुटलं. त्याच आजींना मी सगळ्यात जास्त जपत होते, आणि दर वाक्याला प्लीज म्हणत होते. कॅन, कुड, मे, वुड, शॅल यांचे उपयोग शाळेत पाठ केले होते, पण इथं काही सुचत नाही. शिवाय बरोबरच्या नर्सनं पुढच्या रविवारी घरी जेवायला बोलावलंय, तिला काय म्हणू तेही सांगा.’ ताईंनी आपल्या रोजच्या बोलण्यातली पाच इंग्रजी वाक्यंही लिहून पाठवली आहेत.

ताई, मी पंचवीस वर्षं मराठी शाळांतून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो आहे, आणि गेली काही वर्षं माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त नर्सेस असतात. तुमच्यासारखीच तक्रार ऐकावी लागलेल्या तुम्ही पहिल्या नाही. तुम्ही उद्धट बोलला नाहीत. तुमचा आदर मराठीतून इंग्रजीत येताना वाटेत गळून पडला. तो नेमका कुठे गळतो हे एकदा दिसलं की पुढचं सोपं आहे.

तुमचं पहिलं वाक्य घेऊ: ‘गिव्ह मी युवर हँड, प्लीज.’ हे बोलताना तुमच्या मनात काय होतं ते मी सांगतो. ‘आजी, जरा हात द्या बघू.’ यात मऊपणा चार ठिकाणी भरलाय. ‘आजी’ म्हटल्याबरोबर नातं जोडलं गेलं. ‘जरा’नं काम लहान केलं. ‘दे’ न म्हणता ‘द्या’ म्हटलं, म्हणजे मान दिला. आणि शेवटच्या ‘बघू’नं हुकमाची धारच गेली. आता इंग्रजी वाक्यात यातलं काय उरलं? आजी नाही, जरा नाही, बघू नाही. ‘द्या’ तर इंग्रजीत नाहीच. लहान पोराला, नवऱ्याला, जिल्हाधिकाऱ्याला आणि कुत्र्यालासुद्धा तिथे एकच ‘गिव्ह’ चालतो. इंग्रजीत एके काळी ‘तू’साठी वेगळं ‘दाउ’ होतं, पण सतराव्या शतकानंतर ते रोजच्या प्रमाण इंग्रजीतून गेलं, यॉर्कशरसारख्या भागांतल्या बोलीत तेवढे त्याचे अवशेष राहिले. तू-तुम्ही गेलं, क्रियापदाच्या शेपटाला लावायचा आदरही त्या भाषेजवळ नाही. मग तिथली माणसं तो ठेवतात कुठे? वाक्याच्या सुरुवातीला, कुड आणि वुडमध्ये. आपण मान क्रियापदाच्या शेवटी ठेवतो, ते क्रियापदाच्या आधी ठेवतात. मला या विषयावर एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळं त्याचाच विस्तार.

आपण मात्र ती रिकामी जागा प्लीजनं भरायला जातो. हुकमाला प्लीज जोडलं की सभ्य हुकूम होतो, विनंती होत नाही. त्यात आपल्या लोकांची सवय अशी, की प्लीज वाक्याच्या शेवटी टाकून त्यावर जोर द्यायचा. इंग्रज कानाला तो ‘किती वेळा सांगायचं?’ असा लागतो. ‘काइंडली’चंही तेच. आपल्याकडे सरकारी पत्रात ते शोभतं, पण तिथे पेशंटला तोंडी ‘काइंडली लाय डाउन’ म्हटलं तर नोटीस वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

शाळेनं तुम्हाला हे शिकवलं नाही, कारण शाळेत हा धडा वेगळ्या हेतूनं येतो. मोडल ऑक्झिलरी म्हणजे कॅन – क्षमता, मे – परवानगी, मस्ट – सक्ती, शुड – सल्ला. बोर्डाच्या पेपरात ‘सल्ला दाखवणारं मोडल घालून वाक्य पुन्हा लिहा’ असं येतं, आपण शुड लिहितो आणि मार्क मिळतो. कोण कोणाला म्हणतंय, काम कोणाचं, त्रास कोणाला, हे त्या प्रश्नात कुठेच नसतं. बोलताना फक्त तेवढंच महत्त्वाचं असतं.

वर्गात हमखास येणारा पहिला प्रश्न असा: कुड हा कॅनचा भूतकाळ, मग आत्ताच्या कामाला भूतकाळ कशाला? यावर मी उलट विचारतो, किराणा दुकानात तुम्ही काय म्हणता? ‘एक किलो साखर हवी होती.’ होती? आता नको आहे का? साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून आपण म्हणतो, ‘सर, एक काम होतं.’ काम तर अजून आहेच. ‘मला जरा बोलायचं होतं’, ‘एक विनंती होती’. मराठी माणूस नम्र व्हायचं असलं की आपोआप भूतकाळात शिरतो. गोष्ट एक पाऊल मागे ठेवली की समोरच्याला ‘आत्ता नाही’ म्हणायला जागा मिळते. इंग्रजी कुड आणि वुड म्हणजे हेच मागे घेतलेलं पाऊल. ‘आय वॉन्ट’ म्हणजे ‘मला पाहिजे’, आणि ‘आय’ड लाइक’ म्हणजे ‘मला हवं होतं’. हे तुम्हाला नव्यानं शिकायचं नाही, साखर मागताना तुम्ही ते रोज करत होतात.

दुसरी गोष्ट, वाक्यातल्या कामाचा भार कोणावर पडतो आणि फायदा कोणाला होतो ते बघायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबिन लेकॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी एक साधं उदाहरण दिलं होतं. पाहुण्याला केक देताना ‘यू मस्ट हॅव सम’ म्हणणं सगळ्यात सभ्य, ‘यू शुड’ त्याहून कमी आणि ‘यू मे’ सगळ्यात कमी. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीनं हे उलटंच आहे, कारण तिथे मस्ट म्हणजे सक्ती आणि मे म्हणजे नम्रता. पुढे १९८०च्या दशकात इंग्रज अभ्यासक जेफ्री लीच यांनी त्याची नीट मांडणी केली: ऐकणाऱ्याला काम पडणार असेल तर बोलणं जितकं आडवळणाचं तितकं सभ्य, आणि ऐकणाऱ्याचा फायदा असेल तर जितकं थेट तितकं सभ्य. मराठी घरात हे सांगायची गरजच नाही. ‘घ्याच एक पोळी’ हा व्याकरणानं हुकूम आहे, पण त्याला आपण आग्रह म्हणतो. ‘पोळी घेऊ शकता’ असं कोणी वाढताना म्हटलं तर आपण ताटावरून उठू.

म्हणून घाबरून सगळीच वाक्यं बदलत बसू नका. ‘कम इन’, ‘हॅव अ सिप ऑफ वॉटर’, ‘टेक युवर टाइम’, ‘माइंड द स्टेप’, ‘स्लीप वेल’ ही सरळ आज्ञार्थी वाक्यं आहेत आणि पेशंटशी बोलताना ती गोड लागतात, कारण त्यांत भलं पेशंटचं आहे. हात उचला, कूस बदला, बाही वर करा, जन्मतारीख सांगा, ही कामं तुम्ही त्यांच्याकडून करवून घेता. आडवळण तिथे लागतं.

आता तुमची वाक्यं एकेक करून बदलू. ‘गिव्ह मी युवर हँड, प्लीज’च्या जागी ‘कुड यू गिव्ह मी युवर हँड?’ एवढंही पुरे. पण तुमच्या वॉर्डातल्या जुन्या इंग्रज नर्सकडे कान द्या. ती बहुतेक म्हणत असेल, ‘कॅन यू जस्ट पॉप युवर आर्म आउट फॉर मी?’ यातला ‘जस्ट’ म्हणजे आपला ‘जरा’. ‘पॉप’ हे तिथलं घरगुती क्रियापद, कुठलंही काम चुटकीसरशी होणारं आहे असं दाखवणारं. आणि ‘फॉर मी’ बघा: हात पेशंटचा, बीपी पेशंटचं, तरी ‘माझ्यासाठी’ म्हणायचं. आपल्या ‘एवढं करा माझ्यासाठी’सारखंच आहे ते. म्हणजे ‘जरा’, ‘बघू’ आणि ‘हं’ यांना इंग्रजीत जागा आहे, शब्द तेवढे निराळे. आणि ‘कॅन यू’ला कमी लेखू नका. कुड शाळेत जास्त नम्र असा शिकवलाय म्हणून आपण कॅनला उद्धट समजतो. छोट्या, रोजच्या कामाला ‘कॅन यू’ अगदी चालतं, फक्त आवाज मऊ हवा.

‘टेल मी युवर डेट ऑफ बर्थ.’ औषध देण्याआधी नाव आणि जन्मतारीख विचारणं तुम्हाला बंधनकारक, दिवसातून चार वेळा विचारावं लागतं आणि पेशंट वैतागतो. इथे ‘कुड आय जस्ट चेक युवर नेम अँड डेट ऑफ बर्थ?’ म्हणा. यात ‘यू’ हटवून ‘आय’ आणलाय. तुम्ही सांगा असं नाही, मी तपासू का असं. आपणही ‘पाणी द्या’ म्हणण्याऐवजी ‘पाणी मिळेल का?’ म्हणतो, म्हणजे समोरच्याचं नाव न घेता काम होतं. ‘मिळेल का’ला इंग्रजीत नेमकं ‘कुड आय हॅव’ आहे. किल्ल्या हव्या असल्या तर ‘गिव्ह मी द कीज’ नाही, ‘कुड आय हॅव द कीज?’

तिसरं वाक्य, ‘यू हॅव टू टेक धिस टॅब्लेट’. मुलीच्या कानाला हेच लागलं असणार, असा माझा अंदाज. हॅव टू आणि मस्ट यांत सक्ती आहे, आणि ज्या देशात शुद्धीवर असलेला, समज असलेला पेशंट गोळीला नाही म्हणू शकतो तिथे ती फार टोचते. तुमच्याकडे संमती घेणं हा कामाचाच भाग आहे. ‘कॅन आय टेक युवर ब्लड प्रेशर?’ हे नुसतं सभ्य वाक्य नाही, तो खरा प्रश्न आहे, त्याच्या उत्तरासाठी थांबावं लागतं. आपल्याकडे आपण ‘बीपी बघते हं’ म्हणत पट्टा गुंडाळायलाही सुरुवात करतो, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. तिथे प्रश्न विचारून अर्धा क्षण थांबा, मान हलली की पट्टा लावा. तो अर्धा क्षण आजींच्या मुलीला दिसतो.

पण याचं दुसरं टोकही टाळा. गोळी घेऊन उभं राहून ‘वुड यू लाइक टु टेक युवर टॅब्लेट?’ विचारलं की आजी खुशाल ‘नो, थँक यू’ म्हणतील, कारण वुड यू लाइक हा आवडीचा प्रश्न आहे. चहा, खिडकी, उशी, रेडिओ इथे तो वापरायचा. औषधाच्या बाबतीत असं म्हणा: ‘आय’व्ह गॉट युवर मॉर्निंग टॅब्लेट्स. वुड यू लाइक वॉटर ऑर ज्यूस विद देम?’ किंवा ‘द डॉक्टर वुड लाइक यू टु हॅव धिस वन बिफोर ब्रेकफास्ट. इज दॅट ओके?’ निवड खरी असेल तिथेच निवड द्या, आणि नाही म्हणायची वाट उघडी ठेवा.

‘यू वॉन्ट टी?’ याला कोणी रागावणार नाही. पण ‘वुड यू लाइक अ कप ऑफ टी?’ शिकून घ्या, कारण त्या देशात हे वाक्य दिवसातून सगळ्यात जास्त वेळा बोललं जातं की काय असं वाटावं. यात आपल्या लोकांची एक चूक ठरलेली: ‘डू यू लाइक टी?’ तो चौकशीचा प्रश्न झाला, तुम्हाला चहा आवडतो का. पेशंट ‘येस, आय डू’ म्हणून वाट बघत बसतो आणि चहा येत नाही. उच्चारातही इथेच घात होतो. ‘आय’ड लाइक’मधला तो बारीक ड् आपण गिळतो आणि ‘आय लाइक अ विंडो बेड’ असं काहीतरी बाहेर पडतं. जीभ टाळूला एकदा टेकवून सोडा, आयड्-लाइक. आणि कुड, वुडमधला एल लिहिण्यापुरता आहे. ‘कुल्ड’ म्हणू नका. भरभर बोलताना तिथली माणसं कुड यूचं जवळजवळ ‘कुज्यू’ करतात. ते तुम्हाला बोलायची गरज नाही, ऐकून कळलं म्हणजे झालं.

पाचवं, ‘यू मे सिट नाउ’. तुम्ही ते मान देण्यासाठी म्हणता हे मला पक्कं माहीत आहे, कारण पहिलीपासून ‘मे आय कम इन, टीचर?’ म्हणून आपल्या कानात मे म्हणजे आदर असंच बसलंय. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीतच सुरू झालं आणि हे वाक्य तर पोरं वाचता येण्याआधी शिकतात. पण मे म्हणजे परवानगी. ‘मे आय’ म्हणताना तुम्ही परवानगी मागता, ते नम्रच. ‘यू मे’ म्हणताना तुम्ही ती देता, म्हणजे वरच्या खुर्चीत बसता. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंना ‘आता बसायला परवानगी आहे’ असं ऐकू येतं. ‘वुड यू लाइक टु सिट डाउन?’ किंवा नुसतं ‘डू सिट डाउन’. आणि तुम्हाला कोणी ‘कुड आय ओपन द विंडो?’ विचारलं तर उत्तरात ‘येस, यू कुड’ नको. मागताना कुड, देताना कॅन. ‘येस, ऑफ कोर्स’ म्हटलं की कॅन-कुडचा प्रश्नच मिटतो.

शॅलबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला आधीच येतं. ‘पडदा लावू का?’, ‘उशी नीट करू का?’, ‘मुलीला फोन लावू का?’ हा जो आपला ‘ऊ का’ आहे, तोच ‘शॅल आय’. ‘शॅल आय ड्रॉ द कर्टन?’, ‘शॅल आय कॉल युवर डॉटर?’ त्याऐवजी ‘विल आय’ म्हणू नका. स्कॉटलंड आणि आयर्लंडची माणसं तसं म्हणतात, तुमच्या वॉर्डात एखादी आयरिश नर्स असली तर ऐकू येईल, पण इंग्लंडमध्ये ते खटकतं. जरा जास्त अदब हवी असली तर ‘वुड यू लाइक मी टु ड्रॉ द कर्टन?’ इथे ‘मी टु’चा क्रम पाठच करा. ‘वुड यू लाइक आय ड्रॉ’ ही चूक माझ्या वर्गात दर आठवड्याला होते.

माइंडवर सगळे अडखळतात आणि खरं म्हणजे मराठी माणसानं अडखळू नये. ‘वुड यू माइंड मूव्हिंग ओव्हर अ लिटल?’ याला उत्तर होकाराचं असेल तर ‘नो, नॉट ॲट ऑल’. हो म्हणायला नो कसं, असं विचारतात. ‘तुमची काही हरकत आहे का?’ याला आपण काय म्हणतो? ‘छे छे, काही हरकत नाही.’ माइंड म्हणजे हरकत. तिथे ‘येस’ म्हणालात तर हरकत आहे असा अर्थ होतो. व्याकरण एवढंच सांभाळा की वुड यू माइंडच्या पुढे क्रियापदाला आयएनजी लागतं.

आता विनंती मोठी असते तेव्हा. ड्युटी बदलून मागणं ही वॉर्डातली सगळ्यात जड विनंती, समोरचीचा सुट्टीचा दिवस जातो. इथे ‘कॅन यू डू माय सॅटर्डे?’ फार तोकडं. म्हणा, ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड पॉसिबली स्वॉप सॅटर्डे विद मी.’ हे वाक्य लांबलचक आणि कृत्रिम वाटतं अशी वर्गात तक्रार असते. मग मी विचारतो, सांगलीत तुम्ही कशा मागत होतात? ‘अगं, मी काय म्हणत होते, तुला जमण्यासारखं असलं तर शनिवारची तेवढी…’ इथे वाक्य पुरंही करत नाही आपण. ‘मी काय म्हणत होते’ आणि ‘आय वॉज वंडरिंग’, दोन्ही भूतकाळ, दोन्ही चालू. समोरचीनं नाही म्हटलं तरी कोणाचं काही बिघडू नये म्हणून ही लांबण लागते. एकच जागा जपा: इफच्या पुढे ‘कुड यू’ नाही, ‘यू कुड’. तसंच ‘कुड यू टेल मी व्हेअर द लिनन रूम इज?’, ‘व्हेअर इज द लिनन रूम’ नाही. बाहेर एकदा प्रश्न विचारला की आतलं वाक्य सरळ होतं.

हे सगळं शिकवून झालं की मी विद्यार्थिनींना थांबवून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिथे चुकून चालणार नाही. पेशंट कोसळला की कुड-वुड विसरा. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत कार्डिॲक अरेस्टसाठी आतला फोन नंबर २२२२ असतो. ‘कॉल टू-टू-टू-टू! गेट द ट्रॉली!’ असं ओरडून सांगा. तिथे नम्रतेसाठी घालवलेला प्रत्येक शब्द पेशंटचा वेळ खातो, आणि कोणीही ते मनाला लावून घेत नाही. डॉक्टरला फोन करतानाही हेच भान हवं. एसबीएआर पद्धतीनं तुम्ही आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग तुमचं मत सांगता आणि शेवटी तुम्हाला काय हवंय ते. त्या शेवटच्या पायरीवर आपल्या मुली डॉक्टरपुढे दबतात आणि ‘आय वॉज जस्ट वंडरिंग इफ यू माइट…’ असं सुरू करतात. पलीकडच्या दमलेल्या डॉक्टरला वाटतं, सकाळी बघितलं तरी चालेल. न्यूज स्कोअर, म्हणजे पेशंटची तब्येत किती बिघडली ते दाखवणारा आकडा, सातवर गेलेला असताना ‘आय नीड यू टु कम अँड सी हर नाउ’ म्हणायचं. हे उद्धट नाही. भार डॉक्टरवर पडतो, पण फायदा तिसऱ्याचा, जो स्वतः फोन करू शकत नाही.

तुमच्या ‘आजी’चं काय, हेही बोलायला हवं. नात्याचा शब्द इंग्रजीत नेता येत नाही आणि त्याची पोकळी तुम्हाला सारखी जाणवणार. उत्तर इंग्लंडमध्ये तुमच्या सहकारी ‘लव्ह’, ‘डिअर’ म्हणताना ऐकाल. काही पेशंटना ते आवडतं, काहींना आपल्याला लहान केल्यासारखं वाटतं. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारून टाका: ‘व्हॉट वुड यू लाइक मी टु कॉल यू?’ आणि त्याआधी स्वतःचं नाव सांगा. केट ग्रेंजर नावाच्या इंग्रज डॉक्टर होत्या, त्याही वयस्कर पेशंटांच्याच. कॅन्सर झाल्यावर २०१३ साली त्या पेशंट म्हणून खाटेवर पडल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला तपासायला येणारी कितीतरी माणसं स्वतःचं नावच सांगत नाहीत. त्यातून ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम उभी राहिली आणि तिथल्या हॉस्पिटलांत तिचे बिल्ले अजून छातीवर दिसतात. २०१६ साली त्या गेल्या. नाव सांगून झालेली ओळख तिथे आपल्या ‘आजी’च्या जागी उभी राहते, त्यानंतरचा कुड यू वेगळाच ऐकू येतो. ओईटी या नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत २०१८पासून पेशंटशी नातं कसं जोडता यालाही गुण आहेत. तुम्ही ते मिळवूनच तिकडे गेलात. परीक्षेत तुम्हाला ते जमलं होतं. वॉर्डातल्या धावपळीत माणूस मातृभाषेच्या साच्यात परत जातो, एवढंच झालंय.

आणि ती मुलगी पुन्हा भेटायला आली तर टाळू नका. ‘आय’म सॉरी इफ आय साउंडेड अब्रप्ट विद युवर मदर. इज देअर एनीथिंग यू’ड लाइक मी टु डू डिफरंटली?’ ही दोन वाक्यं आरशापुढे दहा वेळा म्हणून ठेवा.

आता रविवारचं जेवण. तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीनं ‘वुड यू लाइक टु कम फॉर संडे लंच?’ विचारलं आणि तुम्ही ‘आय विल ट्राय’ म्हणालात. मराठीत ‘बघते, प्रयत्न करते’ हे होकाराच्या जवळचं, लगेच हो म्हणून हावरेपणा दिसू नये म्हणून. इंग्रजीत ते नकाराच्या जवळचं आहे, आणि तिला बटाटे किती सोलायचे ते कळत नाही. तिनं नुसतं ‘यू मस्ट कम राउंड समटाइम’ म्हटलं असतं तर ते आपल्या ‘या की एकदा घरी’सारखं, ज्याला ‘येऊ येऊ’ म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण तिनं वार सांगितलाय, म्हणजे बोलावणं खरं आहे. आजच मेसेज करा: ‘आय’ड लव्ह टु कम ऑन संडे. कॅन आय ब्रिंग एनीथिंग?’ जमणारच नसेल तर ‘आय’ड लव्ह टु, बट आय’म ऑन नाइट्स’. आधी इच्छा, मग कारण, आणि कारण खरं द्या.

तिकडे गेल्यावर ताट पुढे आलं आणि ‘वुड यू लाइक सम मोअर?’ असं विचारलं तर हवं असल्यास पहिल्यांदाच ‘येस, प्लीज’ म्हणा. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या वर्षी अशाच एका घरी दोनदा ‘नो, नो’ म्हणाली, तिसऱ्या आग्रहाची वाट बघत. तिसरा आग्रह आला नाही. ताटं उचलली गेली आणि ती घरी येऊन वरणभात लावून जेवली. त्या घरच्या माणसांनी तिचा शब्द खरा मानला होता, तो त्यांच्या दृष्टीनं तिचा मानच होता.

‘कॅन आय ब्रिंग एनीथिंग?’वर ‘जस्ट युवरसेल्फ’ असं उत्तर येईल. तरी रिकाम्या हातानं जाऊ नका, शंकरपाळ्यांचा डबा न्या. जेवण झाल्यावर उघडून ‘वुड यू लाइक टु ट्राय वन?’ विचारा. घेतला तर छानच. ‘मेबी लेटर’ म्हणाली तर डबा टेबलावर झाकण काढून ठेवा आणि पुन्हा विचारू नका.